सलीमभाईंच्या बोटांचं वायरिंग

इलेक्ट्रिकच्या दुकानात माणूस बल्ब घ्यायला येतो आणि किस्सा ठेवून जातो! पण आमच्या पनवेलच्या दुकानात गेल्या वर्षी साठले ते सगळे एकाच हाताचे.

शेजारच्या गाळ्यातले सलीमभाई पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळतात. केसाएवढी तांब्याची तार नुसत्या बोटांनी ओळखायची. तीच बोटं बधिर झाली.

"शेठ, तार तुटली तरी कळत नाही. माझं कामच संपलं समजा."

मी म्हटलं, "लूज कॉन्टॅक्ट असेल."

त्यांनी टेस्टर स्वतःच्या मनगटाला लावला. दिवा लागला नाही.

"बघा! सप्लायच बंद!"

*

नसांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. मनगटाला बारीक झटका द्यायचा आणि तो अंगठ्यापर्यंत किती वेळात पोचतो ते पाहायचं, अशी तपासणी.

सलीमभाईंनी हात मागे घेतला. "मॅडम, मेन स्विच कुठाय?"

"कशाला?"

"चालू लाइनवर मी कोणाला काम करू देत नाही!"

*

रिपोर्ट समजावताना बाई म्हणाल्या, "नसेतली वीज तारेसारखी धावत नाही. नसेच्या भिंतीत बारीक दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत शिरतं, तिथलं व्होल्टेज बदलतं, त्यानं पुढचं दार उघडतं."

मी विचारलं, "आणि करंट परत यायला न्यूट्रल?"

"न्यूट्रल नसतो."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे.

"वरून इन्सुलेशन असतं, पण मधे मधे उघडं. सिग्नल तिथून तिथे उड्या मारत जातो."

"मॅडम, असं वायरिंग आम्ही केलं तर बिल्डिंग पेटेल!"

"तुमची नस मनगटात दाबली गेलीय. इन्सुलेशन खराब झालंय. ऑपरेशन करून दाब काढू. मग नस हळूहळू सुधारते. किती, ते आत्ता सांगता येणार नाही."

*

सोडियम म्हणजे मीठच ना, असं मी सहज बोलून गेलो. आठवड्यानं भाभींचा फोन. "शेठ, यांना काय शिकवलंत? वरून मीठ घेऊन घेऊन बीपी वाढवून बसलेत!"

*

ऑपरेशन झालं, टाके निघाले. बोटं मुकीच. सलीमभाई गाळ्यात नुसते बसून राहायचे.

एक दिवस जवळच्या विचुंबे गावच्या एक मावशी मिक्सर घेऊन आल्या. "हात लावला का झिणझिण्या येतान. बघा काय हाय ते."

सलीमभाईंनी प्लग लावला, सवयीनं ऑपरेशन झालेल्या उजव्या हाताची बोटं मिक्सरला टेकवली आणि हात झटकन मागे!

पुन्हा टेकवली. पुन्हा मागे!

"शेठ! लागला! शॉक लागला!"

डोळे भरलेले. मावशी घाबरून दोन पावलं मागे.

"दुरुस्त होईल ना, भाऊ?"

"होईल की! पण मावशी, उद्या न्या. आजचा दिवस असाच राहू द्या!"