चामटोलीच्या नाक्यावरचा फ्लेक्स

हसायचं नाही हां, आधीच सांगते. एम.ए.च्या प्रोजेक्टपायी मी एका धडधाकट माणसाला मारलंय!

माझा विषय इतिहास. चामटोलीच्या आणि उल्हासनगरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणींची तुलना करायची आणि आमच्या गावात, चामटोलीत, प्रदर्शन भरवून ती लोकांपुढे मांडायची. रविवारी दहाला बाहेरच्या परीक्षक मॅडम येणार, तिथेच मार्क देणार. आणि लोक आलेच नाहीत तर?

म्हणून फ्लेक्स करायला उल्हासनगर गाठलं. वर मला सगळ्यात जास्त आठवणी सांगणाऱ्या, गावातल्या नामाआबांचा हात जोडलेला फोटो.

"मॅडम, कलर रखो ना," दुकानदार म्हणाला.

"नको! ब्लॅक अँड व्हाइटच. इतिहास वाटला पाहिजे."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "कोने में फूल डालूँ?"

केवढी कलेची जाण! "टाका की!"

'आठवणी नामाआबांच्या. रविवार, सकाळी दहा, शाळेचं आवार.' शनिवारी तो नाक्यावर टांगला. आबा एकटे राहणारे, त्यात दोन दिवस अंबरनाथला लेकीकडे गेलेले. फ्लेक्स वाचून तिला फोन करून खात्री गावातलं कोण करणार? अशा वेळी विचारायचं तरी काय?

रविवारी साडेनऊला पोचले, तर आवारात पाय ठेवायला जागा नाही! मला आनंदाने रडूच फुटलं. मग लक्षात आलं, बाकीचेही रडतायत. पुरुष पांढऱ्या कपड्यांत. नाक्यावरचा फ्लेक्स काढून शाळेच्या दारात उभा केलेला, त्याला झेंडूचा हार! एक काकू माझ्या गळ्यात पडल्या.

"शेवटचं तुझ्याशीच बोलला ना गं तो, बाये?"

मी वळून फ्लेक्स पाहिला: ब्लॅक अँड व्हाइट फोटो, कोपऱ्यात फूल! आता सांगू कसं? तेवढ्यात परीक्षक मॅडम आल्या. त्यांनी फ्लेक्सपुढे चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. संपलं माझं एम.ए.!

आणि त्यांच्या मागून आलेल्या रिक्षातून उतरले आबा.

काय किंकाळ्या उठल्या म्हणून सांगू! आबांनी हार पाहिला, माणसं पाहिली, मग मला पाहिलं.

"काय गं पोरी, मी कवा मेलो?"

मी त्यांचे पायच धरले. सगळं ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. मग पहिल्या रांगेत बसून त्यांनी चहा मागवला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली.

"हे प्रदर्शन कोणासाठी?"

"लोकांसाठी, मॅडम."

"मग लोकांना त्यातून काय कळलं?"

आबा बशीत चहा ओतत होते. मी मान खाली घातली.

"आबा गेले, मॅडम."