मागच्या फळीच्या खुंट्या

आमच्या मिठाच्या गाडीची मागची फळी वर्षातून एकदाच निघायची, पावसाच्या तोंडाशी मिठागर बंद झालं की. एरवी ती हलता कामा नये, असा घरच्यांचा कायदा. घरचे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, कागदावरही घेणार नाही. माझा बाप ठाण्याला शाळेत शिपाई होता म्हणून मला दोन अक्षरं येतात, एवढंच.

ती फळी दोन्ही टोकांना बाभळीच्या एकेका खुंटीने गाडीच्या चौकटीत ठोकलेली असे. खुंट्या कोरड्या ठोकायच्या आणि वरून पाणी ओतायचं. लाकूड फुगलं की फळी अशी घट्ट बसते की मिठाचा खडा वाटेत सांडत नाही. मीठ टोपल्यांनी वरून भरायचं आणि वरूनच उतरवायचं, त्यामुळे फळी काढायचं कारणच पडत नसे. रोज सकाळी खुंट्यांवर तांब्याभर पाणी ओतायचं काम माझं. एखादी खुंटी जराशी हलली की लगेच आणखी एक तांब्या. सात वर्षं हेच करून माझा हात आपोआप तिकडे वळायला लागला होता.

एका चैत्रात, संध्याकाळच्या वेळी, हे मिठाच्या राशीवरून घसरले आणि नडगीचं हाड मोडून बसले. हाड बसवणारा वैद्य डोंबिवलीला. तेव्हा डोंबिवली म्हणजे भातखाचरांतलं लहानसं गाव, आमच्या कळव्याच्या खाडीपासून गाडीने अर्ध्या दिवसाची वाट. या वैद्याचे नखरे सगळ्या मुलखाला ठाऊक होते. तो कुणाच्या घरी जात नसे, सूर्य बुडाल्यावर पट्टी बांधत नसे आणि अमावास्येला तर हाडाला हातच लावत नसे. दुसऱ्या दिवशी अमावास्या लागणार होती. म्हणजे उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत जे काय व्हायचं ते व्हायला हवं. नाहीतर दोन दिवसांनी सुजेत हाड वाकडं धरेल आणि माणूस जन्माचा लंगडा. मिठागरात लंगड्याला काम नाही, हे आम्हा दोघांनाही न बोलता माहीत होतं.

अमावास्या पहाटे लागते की दुपारी, हे सासूबाईंनी रात्रीच भटजींना विचारून ठेवलं होतं. दिवे लागल्यावर लागते, म्हणाले. तेवढाच एक दिवस देवाने उसना दिला.

सकाळी माझ्या दिराने यांचा पाय दोन बांबूंत बांधला आणि यांना बाजेवर निजवलं. बाजेसकट न्यायचं, म्हणजे धक्क्याने हाड सरकणार नाही. पण बाज गाडीपेक्षा हातभर लांब. मागची फळी काढल्याशिवाय ती आत सरकेना. गावातल्या बाकी गाड्या मीठ घेऊन बंदरावर गेलेल्या. आगगाडी दारावरून जायची खरी, पण बाजेवरचा माणूस आगगाडीत कोण घेतो?

दीर मोगरी घेऊन खुंट्या ठोकू लागला. ठोकून ठोकून त्याचा घाम निघाला, खुंटी निघेना. शेवटी तो म्हणाला, "वैनी, कुऱ्हाड आन."

"कुऱ्हाड नको!" हे बाजेवरून ओरडले. "चौकट चिरंल, मंग गाडीच जानार नाय. ठोक, ठोक अजून."

दिराने दात-ओठ खाऊन एक घाव घातला, आणि डावीकडची खुंटी जवभर हलली. ती हललेली मी पाहिली. पुढे काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. खुंटी हलली म्हणताच मी वाटेत प्यायला भरून ठेवलेला तांब्या उचलला आणि सगळं पाणी तिच्यावर ओतलं.

दिराने कपाळावर हात मारला.

"अगो, काय केलंस गो ह्ये!" घरचे म्हणाले. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस. पण ते हसायला लागले, मग पाय दुखला म्हणून कळवळले, आणि परत हसले. माझा मात्र राग मस्तकात गेला. स्वतःवरचा राग माणूस कुणावर काढणार? मी यांच्यावरच काढला. "सात वर्षं पानी वतायला कुनी शिकवलं मला? आता हसा!" आणि पदर तोंडाला लावून रडले.

चुलीवर तव्यात खडे मीठ भाजत ठेवलं होतं. पडताना यांची कंबरही धरली होती, म्हणून शेकायला सासूबाई पुरचुंडी करत होत्या. तिचा वास आला तसे हे म्हणाले, "ती माझ्या कंबरंला नको. खुंटीला बांध. भाजलेलं मीठ पानी वढतं."

मग एक पुरचुंडी डाव्या खुंटीला, एक उजव्या. गार झाली की सासूबाई दुसरी भाजून देत, मी बांधत असे. कंबर शेकायला एकही पुरचुंडी उरली नाही. हे ओठ चावून पडून राहिले, सूर्य वर चढत राहिला, आणि मी सावलीकडे बघत पुरचुंड्या बदलत राहिले. बराच वेळ गेल्यावर दिराने हलकेच मोगरी मारली. खुंटी सरकली. दुसरा घाव, आणि ती मातीत पडली. उजवीही आली. फळी धपकन खाली आली आणि माझा जीव भांड्यात पडला. वाटेसाठी पाणी भरायला मी पुन्हा तांब्या उचलला, तर बाजेवरून आवाज आला, "तांब्या लांब ठेव गो, आदी मला चढू दे."

पारसिकच्या डोंगराखालून आम्ही डोंबिवलीला पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. वैद्याने आधी आकाशाकडे पाहिलं, मग पायाकडे. बांधून झाल्यावर म्हणाला, सरळ बसलंय.

पुढच्या पौषात मिठागर पुन्हा सुरू झालं. हे गाडीच्या मागे दोन पायांवर उभे राहिले, दोन्ही खुंट्या ठोकल्या आणि मला हाक मारली. मी तांब्या घेऊन आले, पण माझ्याने पाणी ओतवेना. हात हवेतच राहिला.

"वत की गो," ते म्हणाले. "आता बाजेवर नाय, मी चालतच जानार हाय."

मग मी ओतलं.