कोरड्या तुकड्याची राखण

रानाची राखण करणाऱ्याकडं किस्से साचत जातात. पाणी मात्र मी साचू दिलं नाही. तेच माझं काम!

वळसंगजवळ सूर्यफुलाच्या जातींची चाचणी होती. संशोधन केंद्राच्या मॅडमनी एका तुकड्याला पाणी दिलं, दुसरा कोरडा ठेवला. कोरड्यात जे झाड तग धरेल, त्याचंच बियाणं पुढं जाणार. तिथं पाणी शिरलं, की हंगाम वाया.

"मामा, सगळं तुमच्यावर."

"थेंब जाणार नाही," मी म्हणालो. विषय संपला.

*

शेजारचा बिरू मेंढ्या घेऊन कुंपणाशी थांबला.

"मामा, निम्मं रान वाळलं की! मोटार बिघडली व्हय?"

"मुद्दाम वाळवतोय."

"आन् ह्याचा पगार मिळतोय?"

"मिळतोय."

"माझं तर सगळं रान वाळलंय. मला डबल पायजे की!"

*

पावसानं ओढ दिली. गाव देवळात जमलं. मॅडमनीही हात जोडले.

"काय मागितलंत?"

"अजून थोडे दिवस पाऊस नको."

"हळू बोला. गावानं ऐकलं तर तुमची जीप परत जाणार नाही!"

*

पोपटांसाठी मॅडमनी पॅन्ट-शर्टवालं बुजगावणं आणलं. पोपट त्याच्याच खांद्यावर बसून बिया सोलायला लागले.

"मामा, हे भीत का नाहीत?"

"शर्ट इस्त्रीचा आहे. ऑफिसातला वाटतोय."

तेव्हापासून रोज सकाळी मीच वरच्या बांधाला थाळी बडवत फिरायचो.

*

आमची खोली कोरड्या तुकड्याला लागून. बायकोला, गौरव्वाला, मी बजावलं, "हात धुवायचे, भांडी घासायची, ती पलीकडं."

"सोयरीक जमवताना सांगायचं की, पाणी सांडायलाबी तुमाला इचारावं लागंल म्हणून!"

पण ऐकलं. बादली उचलून पलीकडं जायची.

*

शेवटी कोरड्या तुकड्यात आमच्या खोलीकडच्या कोपऱ्यातलं एकच झाड हिरवंगार उभं राहिलं. मॅडमनी त्याला लाल फीत बांधली. मोठे साहेब सकाळीच बघायला आले.

"पाणी नक्की नाही ना?"

"आमचे मामा आहेत, सर. थेंब जाऊ देत नाहीत."

मी ताठ उभा.

तेवढ्यात गौरव्वा पूजा आटोपून तांब्या घेऊन आली. कुंपणाची तार उचलली आणि निम्मा तांब्या त्याच झाडाच्या बुडाशी ओतला.

"अगं, पाणी का घातलंस?"

"पाणी कुटं? लिंगाच्या पूजेचं तीर्थ हाय! रोज हितंच घालते. कुणाचा पाय पडत न्हाय. तुमची राखण हाय की!"

मॅडम फितीकडं बघत राहिल्या.

साहेबांनी बूट काढले आणि उजवा तळहात पुढं केला.