रोवण्यात झालेली पोरगी

मला स्वस्थ बसता येत नाही. हे आधी आईचं मत होतं, मग नवऱ्याचं झालं, आता माझंही आहे. एसटीत बसले की समोरच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू किती वेगाने श्वास घेतंय ते मी मोजायला लागते. सुट्टीच्या दिवशी नवरा ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये पंख्याखाली आडवा झाला की त्याच्या पोटाचं वरखाली होणं मोजते. तो डोळे न उघडता विचारतो, "किती झाले?" मी म्हणते, "सोळा." "म्हंजे जगतो ना मी?" असं म्हणून तो कूस बदलतो. त्याला ती थट्टा वाटते. मला वाटत नाही.

मी उपकेंद्रावरची नर्स. खोकणारं लेकरू समोर आलं की आमचं पहिलं हत्यार म्हणजे घड्याळ. लेकरू आईच्या मांडीवर शांत असताना पोटावरचं कापड वर करायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अगदी तान्ह्यांचा हिशेब वेगळा. पण दोन महिन्यांच्या पुढे आणि वर्षाच्या आत असलेल्या लेकराचे श्वास पन्नास किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. वर्ष पूर्ण झालं की तीच मर्यादा चाळीसवर येते. हे मी गावागावांतल्या आशांना, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना, इतक्यांदा शिकवलंय की आता ते बोलताना माझं लक्षही नसतं.

त्या वर्षी शेजारच्या उपकेंद्राचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. तिथली सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली, जाताना कपाटाची किल्ली कुणाकडे दिली ते तिलाही आठवेना, आणि गावांची रजिस्टरं त्या कपाटात. मी चार दिवस नुसती धुसफुसत होते. तशातच त्या उपकेंद्रातल्या एका गावाचा लसीकरणाचा दिवस आला. गाव नाल्यापलीकडे, जंगलाला लागून. नाल्यावर बुटका रपटा, पूर आला की पाण्याखाली जाणारा फरशीपूल. गावाच्या डोक्यावर मोठा जुना तलाव. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. रपटा ओलांडून स्कूटी गावात नेताना दोन्ही बाजूंना धान गुडघ्याएवढं उभं, गर्द हिरवं. काय सुंदर धान आहे, असं मनात म्हटल्याचं मला चांगलं आठवतं. सुंदर म्हटलं आणि पुढे गेले. तिथेच थोडं थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

अंगणवाडीत गर्दी होती. गावची आशा न आलेल्या लेकरांना घरोघर जाऊन बोलवत होती, म्हणून खोलीत मी एकटीच. एक बाई पोरीला कडेवर घेऊन आली. चोविशीची असेल. अंगावर धुवट लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी. पोरीचा डावा कान वाहत होता. वास दारातच आला. मी कान पाहिला तर आत पिवळं तेल चकाकत होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाहत्या कानात तेल, हे मी वीस वर्षं बघतेय. लसूण टाकून कढवलेलं जवसाचं तेल, कोमट करून, मायेने, दोन-दोन थेंब. आत पडद्याला आधीच भोक पडलेलं असतं. तेल तिथून आत जातं, कान कधी कोरडाच होत नाही, आणि पोरगं शाळेत जाईपर्यंत अर्धं बहिरं होतं. मग गुरुजी म्हणतात, मठ्ठ आहे.

"कधीपासून वाहते?"

"झाला असंन एक महिना."

"आन् तू तेल ओतून राह्यली? कान काय दिवा आहे का वं?"

मग माझा पट्टा सुरू झाला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बाहेर रांगेतल्या बाया गप्प झाल्या होत्या एवढं आठवतं. बोलत बोलत मी जुन्या सुती कापडाची पट्टी फाडली, तिची वात वळली, हलकेच कानात धरली, भिजली की काढली, दुसरी घातली. सहा वाती भिजल्या तेव्हा सातवी कोरडी निघाली. "हे पाहा. दिव्याची वात वळते तशीच वळायची, फक्त तेलाविना. दिवसातून चार खेपा. प्रत्येक वेळी वात कोरडी निघेपर्यंत. मग हे थेंब." एवढ्या दिवसांच्या जुन्या वाहत्या कानाला पोटातलं औषध द्यायचं नसतं, कोरडा ठेवणं हाच उपचार. तिने मान डोलावली. पोरगी रडून लाल झाली होती.

"खोकला आहे का?"

"हो जी. तीन रोज झाले. थोडा तापबी होता."

रडत्या लेकराचे श्वास मोजून उपयोग नाही. मी तिला पाजायला लावलं, तोवर चार लेकरांना लस दिली, मग पोरगी शांत झाल्यावर घड्याळ धरलं. पूर्ण मिनिट. शेहेचाळीस.

"किती महिन्यांची?"

"रोवन्यात झाली जी."

"कार्ड?"

तिने हातातली पिशवी मुठीत आवळली. "नाई आनलं."

आता इथे मला माझा मोठेपणा सांगायला हवा. भाताच्या लावणीला आम्ही रोवणा म्हणतो. बाहेरून आलेले डॉक्टर अशा उत्तरावर डोकं धरतात. मी धरत नाही. माझं माहेर चामोर्शीकडचं, धानाच्या बांधीत वाकून रोवणा केलेली मी पोर आहे. मोहफुलं वेचताना झाला, कापणीत झाला, रोवण्यात झाली, ही भाषा माझी आहे, आणि त्याचा मला भारी अभिमान. मी मनात हिशेब केला. रोवणा म्हणजे ऑगस्ट, धरायचा तर मधला काळ. गेल्या ऑगस्टच्या मध्यात झालेली म्हणजे आज अकरा महिने भरून वर थोडे दिवस. वर्षाच्या आत. मर्यादा पन्नास. शेहेचाळीस म्हणजे साधा सर्दी-खोकला.

"अंगावर पाजत राहा. छाती घरघरली, दूध सोडलं तर लगेच आण. नाहीतर पाच दिवसांनी कान दाखव," म्हणाले आणि पुढच्या लेकराकडे वळले.

दुपारी दोनला माझ्या उपकेंद्राच्या क्वार्टरवर परतले. येताना रपट्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याच्या कडेला, बाया चिखलात रोवणा करत होत्या. हेही पाहिलं. हात धुतले, भात वाढून घेतला, आणि माहेरून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "आज कुठी आपला रोवना लागला वं. पान्यानं यंदाबी वाट पाहाले लावली."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि घास हातात तसाच राहिला.

आमचा रोवणा आज लागला. आमची शेती पावसाच्या भरवशावरची. आणि त्या गावात मी सकाळी गुडघ्याएवढं धान पाहून आले. ते धान महिन्याभरापूर्वी रोवलेलं होतं. तलावाचं पाणी! तलावाखालच्या गावाला पावसाची वाट पाहावी लागत नाही. त्यांचा रोवणा जुलैच्या सुरुवातीलाच उरकतो. म्हणजे ती पोरगी गेल्या जुलैतली. म्हणजे तेरा महिन्यांची. म्हणजे मर्यादा चाळीस, आणि माझे शेहेचाळीस.

न्यूमोनिया झालेल्या लेकराला मी साधा सर्दी-खोकला समजून घरी पाठवलं होतं, आणि वर त्याच्या आईला चारचौघींत झापलं होतं.

आशाला फोन लावला. लागेना. त्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर असते. स्कूटीला किक मारली तेव्हा पावसाचा टिपूसही नव्हता. पण वर जंगलात कुठेतरी कोसळला असणार, कारण रपट्याजवळ पोचले तर रपटाच दिसेना. त्याच्या जागी गढूळ पाणी धावत होतं. दोन मोटरसायकलवाले गाड्या उभ्या करून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. एक म्हणाला, "उतरते सिस्टर. दोन-तीन घंटे लागन. बसा."

बसा! मी काठावर इकडून तिकडे फेऱ्या घालत होते. दगड टाकून पाहिला. पाय घालून पाहिला, तर त्या दोघांतल्या एकाने मागून ओरडून मला बाहेर काढलं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते छोटं पोट होतं, वरखाली होणारं. मला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त स्वतःचा राग येत होता. न्यूमोनिया वाढायला दोन-तीन तास पुष्कळ होतात, हे मीच आशांना शिकवते.

पलीकडे एक म्हातारबा गाई घेऊन आला. नाला रुंदीला वीस-बावीस पावलं. मी घसा फोडून ओरडले, "भाऊ! आशाले बोलवा! कान फुटलेल्या पोरीले घेऊन या! औषधाची पिशवी आना!" तीनदा ओरडले तेव्हा त्याने हात वर केला आणि गाई तिथेच सोडून गावाकडे वळला.

अर्ध्या तासाने आशा आली. मागे ती बाई, पदराखाली पोरगी. मी मनगटावर बोट ठेवून घड्याळाची खूण केली. आशाला कळलं. दगडावर बसून तिने आईच्या मांडीवर पोरीला निजवलं, झबलं वर केलं. अलीकडे मी माझ्या घड्याळात पाहत होते. ते मिनिट मी अजून विसरले नाही. काटा पुढे जातच नव्हता.

आशाने दोन्ही पंजे वर केले. मिटले. पुन्हा वर केले. पाच वेळा. मग तीन बोटं. त्रेपन्न.

मी माझ्या बरगडीखाली हात दाबून खूण केली, श्वास घेताना तिथे खड्डा पडतो का? पडत असेल तर गावात ठेवून चालणार नव्हतं, कसंही करून दवाखाना गाठायला लागणार होता. आशा वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान हलवली. नाही. आईने पोरीला छातीशी घेतलं आणि पोरगी प्यायला लागली, ते मला इकडून दिसलं. माझ्या जिवात जीव आला.

"वर्षाच्या वरची आहे ती!" मी ओरडले. "न्यूमोनियाचं औषध दे! आत्ता! माझ्यासमोर!"

आशाच्या पिशवीत बाटली होती. तिने तक्ता पाहून माप भरलं, पोरीने तोंड वाकडं केलं, थोडं ओठावरून ओघळलं, आशाने ते चमच्याने परत आत घातलं. खर्रा घोटणारे दोघं उभे राहून बघत होते. मी काठावर मटकन बसले आणि रडले. लपवत बसले नाही.

पाणी उतरलं नाही त्या दिवशी. आशाने रात्रीचा डोस देईन अशी खूण केली आणि मी परत गेले. सकाळी सातला रपटा चिखलाने माखलेला पण मोकळा होता. त्या घरी पोचले तेव्हा पोरगी ओसरीवर बसून मुरमुरे चिवडत होती. पूर्ण मिनिट मोजलं. चव्वेचाळीस. अजून जास्तच, पण उतरणीला लागलेले. ताप नव्हता. कोपऱ्यात एका वाटीत पांढऱ्याशुभ्र वाती वळून ठेवलेल्या, एकसारख्या, कोरड्या. मी सांगितलं तेवढं सगळं तिने केलं होतं.

मी खाली बसले आणि तिला म्हटलं, "चूक माझी झाली. पोरगी किती महिन्यांची ते मी चुकीचं धरलं. आमच्याकडचा रोवणा धरला. औषध कालच द्यायला पाहिजे होतं."

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुमच्याकडं रोवना मांगं राह्यते?"

"हो."

"तलाव नाई?"

"नाही."

"अगाई," ती म्हणाली. तिला माझ्या माहेराची दया आली होती.

"कार्ड असतं तर घोटाळा झाला नसता गं. आता दाखव बरं."

ती जागची हलली नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग खुंटीवरची तीच कालची प्लास्टिकची पिशवी काढून तिने माझ्या हातात दिली. आत कार्ड होतं. वरच्या कोपऱ्यात मोठा पिवळा डाग, कागद आरपार पारदर्शक झालेला, आणि त्या डागाखाली जन्मतारीख स्पष्ट दिसत होती. जुलै.

"काल होतं पिशवीत?"

"होतं."

"मग काऊन नाई काढलं?"

"तुमी तेलावरून एवढ्या बोलून राह्यल्या होत्या," ती खाली बघत म्हणाली, "आन् कार्डाले तर तेलच लागलं होतं."

तिने चहा ठेवला, तो मी प्याले. पोरगी आठवड्याभरात खडखडीत बरी झाली, कान कोरडा व्हायला दिवाळी उजाडली. पुढे ती सिस्टर रजेवरून आली, कपाट उघडलं, ते गाव माझ्याकडून गेलं.

श्वास मोजायची खोड गेली नाही, उलट वाढली. आणि रागही तसा गेला नाही, तेल पाहिलं की अजून तिडीक जातेच. पण एखादी आई कार्ड नाही आणलं म्हणाली आणि तिच्या हातात पिशवी दिसली, की मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, "तेल लागलं का त्याला? लागू दे. काढ."

बहुतेक वेळा ते निघतं.