देवाकडं तोंड केलेला टेलिव्हिजन

मुंबईत टेलिव्हिजन सुरू झाला त्याच्या पुढच्याच गणपतीत तो आमच्या गावातही सुरू झाला. फरक एवढाच की मुंबईच्या टेलिव्हिजनच्या पोटात यंत्र होतं आणि आमच्या टेलिव्हिजनच्या पोटात माणसं होती.

आमचं गाव राहात्याहून पुणतांब्याकडे जाताना कालव्याच्या कडेला. ऊस, पेरू आणि मानपान ही तीन पिकं आमच्याकडे जोमानं येत. आदल्या वर्षीच्या दुष्काळात पहिली दोन करपली. तिसऱ्याला पाणी लागतच नाही, त्यामुळे ते तरारून उभं होतं.

आखाडात माझा मामा मुंबईहून आला. तो गिरणीत होता. दादरच्या एका दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून त्यानं टेलिव्हिजन पाहिला होता, आणि तेवढ्या भांडवलावर तो गावात आठवडाभर व्याख्यानं देत हिंडला. येताना त्यानं फुटपाथवरून माझ्यासाठी एक जुनं विलायती चित्रांचं पुस्तक आणलं होतं, ज्याला कॉमिक म्हणतात ते. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि इंग्रजी वाचता येणारी गावातली एकुलती एक मुलगी होते. त्या विद्वत्तेचा गावाला उपयोग म्हणजे कुणाकडे तार आली की मला बोलावणं यायचं. तार बहुधा कुणीतरी गेल्याचीच असायची, त्यामुळे मला पाहिलं की लोक आधीच पदर डोळ्याला लावायचे.

या पुस्तकात मात्र कुणी मेलं नव्हतं. एक यान दूरच्या ग्रहावर जातं. त्यात एक कप्तान असतो, तो चार-चार पानांनी बेशुद्ध पडतो. आणि यान चालवणारी एक बाई असते, ती त्याला दर वेळी शुद्धीवर आणते, हिरव्या लोकांच्या राजाला हरवते आणि शेवटी मोडकं यान एकटीनं पृथ्वीकडे आणते. शेवटच्या पानांवर ती बिनतारी यंत्रातून पृथ्वीला हाका मारत राहते. ते पुस्तक मी इतक्या वेळा वाचलं की आईला वाटलं पोरगी मास्तरीण व्हायची परीक्षा देतेय.

गणेश मंडळाच्या अध्यक्षांना त्या वर्षी शेजारच्या गावाचं नाक कापायचं होतं. मामानं त्यांना सांगितलं, की मुंबईच्या टेलिव्हिजनवर गोष्ट एकदम संपवत नाहीत. रोज थोडी दाखवतात आणि ऐन रंगात आली की बंद करतात.

"मंजे आपल्या लाइटीवानी," अध्यक्ष म्हणाले. त्यांना कल्पना लगेच पटली.

ठरलं असं, की सुताराकडून बैलगाडीएवढा, मागून उघडा लाकडी टेलिव्हिजन करून घ्यायचा, आत जिवंत माणसं उभी करायची आणि माझ्या पुस्तकाची मालिका दहा दिवस दाखवायची. मराठीत आणून संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामा ही आग लावून मुंबईला निघून गेला.

विलायतेत अशी मालिका करताना काय अडचणी येतात मला माहीत नाही. आमच्याकडे पहिली अडचण मानाची आली. कप्तान कोण, हा प्रश्नच नव्हता. पालखीपुढे पहिला नारळ ज्यांचा, त्यांचाच कप्तान, म्हणजे अध्यक्ष स्वतः. पण अध्यक्षांनी बेशुद्ध पडायला साफ नकार दिला. गावादेखत आडवं व्हायचं त्यांच्या घराण्यात नव्हतं. बरीच चर्चा होऊन ते खुर्चीत बसून बेशुद्ध व्हायला तयार झाले, आणि अंतराळयानात एक हातांची खुर्ची आली. हिरव्या लोकांचा राजा खालच्या आळीला दिला तर खालची आळी उसळली. "आमचा मानूस सगळ्या गावाम्होरं हारनार? जमायचं न्हाई." मग राजा हरणार नाही असं ठरलं. त्याचा आणि कप्तानाचा समेट होईल आणि राजा कप्तानाला शाल-नारळ देईल. त्या ग्रहावर नारळ होतो का, असं मी विचारलं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप नारळ लिहून टाकला.

राहिली यान चालवणारी बाई. ती मला हवी होती. संवाद लिहिताना मी तिची वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायची. त्या चौकटीत उभं राहून ती वाक्यं मी म्हणतेय आणि गाव बघतंय, हे मला इतकं हवं होतं की शेवटी मी धीर करून घरी विचारलं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावातल्या चालीरीतींचे राखणदार होते. कुठल्या देवाला कुठल्या हातानं फूल वाहायचं इथपासून ते सासुरवाडीला गेलेल्या जावयानं कुठं चप्पल काढायची इथपर्यंत सगळं त्यांना विचारूनच चालायचं. राहात्याच्या एका बागाईतदाराकडे माझ्या लग्नाचं बोलणं सुरू होतं, आणि गणपती झाले की ते लोक बघायला येणार होते.

"पोरीच्या जातीनं चौकात हुभं ऱ्हायचं न्हाई," दादा म्हणाले. "आवाज गेला तरी चालंल. त्वांड दिसाया नको."

म्हणजे झालं असं, की बाईचं काम तालमीतल्या पैलवानाला मिळालं. त्याची निवड गुणांवर झाली होती. यानात माणूस तरंगतो हे दाखवायला दोरीवर लोंबकळायचं होतं आणि ती ताकद त्याच्याकडेच होती. मिशी काढायला तो तयार नव्हता, पण यानातलं शिरस्त्राण म्हणून डोक्यावरून तोंडापर्यंत पातेलं घालणार असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. शिवाय सगळ्यांचे संवाद मीच माइकवर म्हणायचे होते, कारण माइक एकच होता आणि अध्यक्षांना स्वतःच्या नावापलीकडे काही पाठ होत नव्हतं. त्यांनी नुसते ओठ हलवायचे. मी टेलिव्हिजनच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी बसणार. अंधारात वाचून पोरीचे डोळे जातील म्हणून दादांनी स्वतः टेलिव्हिजनच्या मागच्या अंगाला, माझ्या डोक्यावर येईल असा, एक भला मोठा दिवा टांगून घेतला.

तालमी शाळेच्या खोलीत झाल्या. चतुर्थीला दुपारी टेलिव्हिजन चौकात आणून गणपतीच्या पुढ्यात उभा केला, लोकांकडे तोंड करून. चौक चिंचोळा, एका अंगाला पार आणि दुसऱ्या अंगाला गाड्यांची वाट, त्यामुळे दुसरी जागाच नव्हती. आरतीच्या आधी दादा नजर टाकायला आले आणि ताडकन थांबले.

"ह्या सगळ्यांच्या पाठी देवाकडं?"

देवाकडे पाठ करायची नाही हे तर लहान पोरालाही माहीत होतं. टेलिव्हिजन चौकाच्या पार टोकाला न्यावा तर बघणाऱ्यांच्या पाठी देवाकडे होणार. गणपती हलवावा म्हटलं तर सकाळी प्राणप्रतिष्ठा झालेली, आणि बसवलेला देव विसर्जनाशिवाय हलत नाही. आरतीची वेळ झाली होती. दहा-बारा जणांनी 'मोरया' म्हणून टेलिव्हिजन उचलला आणि जागच्या जागी फिरवला. आता त्याचं तोंड देवाकडे झालं. दादांनी मान डोलावली, सगळ्यांना हुश्श झालं, आणि देवाला पहिला मान देणारा देशातला बहुधा एकमेव टेलिव्हिजन तयार झाला.

फिरवलेल्या वस्तूची मागची बाजूही फिरते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्यासुद्धा. मी नेमून दिल्याप्रमाणे मागच्या बाजूला स्टुलावर जाऊन बसले, दिवा लागला, मी मान वर केली, आणि समोर अख्खं गाव मांडी घालून बसलेलं.

खरा कार्यक्रम एकट्या गणपतीनं पाहिला. गावाला दिसली ती अध्यक्षांची पाठ, खुर्चीची पाठ, दोरीला लटकलेल्या पैलवानाची पाठ, ती दोरी ओढून घामाघूम झालेली दोन माणसं, आणि या सगळ्यांच्या पुढे लख्ख उजेडात माइक धरून बसलेली मी. माझी पाठ मधल्या टेलिव्हिजनकडे होती, म्हणून ती देवाकडे धरली गेली नाही. पळावं असं वाटलं. पण यान सुटायची वेळ झाली होती आणि ते सोडणारी मीच होते. मी कप्तानाच्या आवाजात हुकूम सोडला, बाईच्या आवाजात उत्तर दिलं, तोंडानंच यानाची घरघर काढली. लोक हसले, मग हसायचे थांबले, मग पुढे सरकून बसले. खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं. हिरवा राजा दारात येऊन उभा राहिला तिथं मी भाग थांबवला तर लोक उठायला तयार होईनात.

दादा पुढच्या मानाच्या खुर्चीवर होते. ते मध्येच उठून गेले होते.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे थांबले. मी समोर असले तरी आईला म्हणायचे, "तिला सांग, पानी दे." मी पाणी द्यायची. ते आईला म्हणायचे, "ठिव म्हनावं." मला आधी राग आला. दिवा कुणी टांगला होता? टेलिव्हिजन कुणी फिरवला होता? मग रडू आलं, कारण आमच्या घरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस तेच होतं.

मंडळानं दुसऱ्या दिवशी उपाय म्हणून माझ्यापुढे चादर बांधली. "आमी काय सोलापुरी चादर बघाया आलोय व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं उठून चादर सोडली, व्यवस्थित घडी केली आणि बुडाखाली घेऊन बसली. उपाय संपला.

सगळ्यात जास्त हाल अध्यक्षांचे होते. रोज इस्त्रीचे कपडे घालून ते बेशुद्ध पडत, आणि बघायला फक्त गणपती. शेवटी ते आमच्या घरी आले. मी आतून ऐकत होते.

"दादा, तुमी नुस्तं व्हय म्हना. सांजच्याला पेटी फिरवतो. आमीबी दिसू, आन् तुमची पोरबी झाकंल. देव काय आपल्याला खातुय का?"

एका शब्दाचं काम होतं. दादांनी हो म्हटलं असतं तर मी पुन्हा गणपतीच्या पुढ्यात, गावाच्या नजरेआड गेले असते आणि त्यांच्या जिवाचा घोर मिटला असता. मी चूल फुंकायची थांबले.

दादा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "देवाकडं पाठ करायची न्हाई," ते म्हणाले. "बसवलंय तसं ऱ्हाऊ द्या."

त्यांनी देवाला राखलं की मला, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायची सोय नव्हती, कारण बोलणं आईमार्फत चालू होतं. एवढं मात्र मी पाहिलं, की त्यानंतर रोज संध्याकाळी ते चौकात लोकांच्या मागे असलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर येऊन बसत. हातात पिशवी असायची. आमचं दळण त्या आठवड्यात बरंच निघालं.

राहात्याच्या लोकांना गणपती संपेपर्यंत दम निघाला नाही. कीर्ती ऐकून ते मधेच एका संध्याकाळी येऊन, मागे उभे राहून, मला बघून गेले. नेमका त्या दिवशी हिरव्या राजाचा दरबार होता आणि मी सात-आठ जणांच्या आवाजात भांडत होते. शेवटच्या दिवशी दुपारी मध्यस्थ निरोप घेऊन आला. त्याला गूळ-पाणी दिलं. तो खाली बघून म्हणाला, "पोरगी चांगली हाय म्हन्ले. पन लई बोलती."

आई आत येऊन माझ्याशेजारी बसली. मला त्या बागाईतदाराच्या मुलाचं काडीचं दुःख नव्हतं, त्याला मी पाहिलंही नव्हतं. पण दादांनी मान खाली घातलेली मी पहिल्यांदा बघत होते, आणि ती माझ्यापायी होती. संध्याकाळी जाऊ नये असं मनात आलं. "जा," आई म्हणाली. "बाई तिथं आभाळात टांगलीय, तिला कोन आननार?"

शेवटचा भाग. शाल-नारळ झाला, कप्तान खुर्चीत बेशुद्ध झाले, पैलवान दोरीवर चढला. शेजारच्या गावचेही लोक आले होते, पारावर, झाडावर, गाड्यांवर. गिरणीच्या पायरीवर दादा होते, आणि त्या दिवशी हातात पिशवी नव्हती. बाईची हाक आली.

"पृथ्वी, मी परत येतेय. कुणी ऐकतंय का?"

इथं मी थांबायचं होतं. लोकांना वाटलं पाहिजे, की पृथ्वीवर कुणीच नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्या हाकेनंतर पृथ्वीचं उत्तर होतं, आणि तेही बाकी सगळ्यांसारखं मलाच द्यायचं होतं.

"पृथ्वी, मी परत येतेय. कुणी ऐकतंय का?"

मी पृथ्वीचा जाड आवाज काढायला श्वास घेतला. तेवढ्यात गिरणीकडून आवाज आला.

"ऐकतोय. बोल."

सगळ्यांच्या माना वळल्या. दादा पायरीवर उभे राहिले होते. त्यांच्याकडे वळताना लोकांच्या पाठी देवाकडे झाल्या, आणि ते दादांनी पाहिलं, आणि काही म्हणाले नाहीत.

मी माइक धरून बसून राहिले. पुढचं वाक्य समोर लिहिलेलं होतं, पण दिव्याच्या उजेडात मला काही दिसेना. भोंगा नुसता गुणगुणत होता. लई बोलणाऱ्या पोरीच्या तोंडून शब्द फुटेना.

"आगं बोल की आता," दादा नेहमीच्या चिडक्या आवाजात म्हणाले. "सगळं गाव खोळंबलंय."