खिडकी सरांचं वजन

एक अपवाद सोडला तर खिडकी सरांनी आयुष्यात कधी वजनकाट्यावर पाय ठेवला नाही. काट्याला ते 'आयतं उत्तर' म्हणायचे. स्वतःचं वजन ते मुलुंडच्या घरी सोफ्यावर बसून कागदावर काढायचे.

माझ्या पीएचडीचे ते गाईड. विषय क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सचे सम रूल्स, म्हणजे कणाच्या आत न डोकावता त्याचं वस्तुमान काढायची युक्ती. आतले क्वार्क एकटे कधी हाती लागत नाहीत. मग एकच राशी दोन बाजूंनी मांडायची. एकीकडे क्वार्क, ग्लुऑन आणि नावालाच रिकामी असलेली पोकळी. दुसरीकडे प्रयोगात दिसणारा अख्खा कण. दोन्ही बाजू जुळवल्या की वस्तुमान निघतं. ऊर्जेच्या पट्टीवर फार अलीकडे गेलात तर क्वार्कचं गणित कोलमडतं, फार पलीकडे गेलात तर जड कणांची गर्दी घुसते. मधल्या ज्या टप्प्यात उत्तर हलत नाही, ती खिडकी.

"प्रयोगाचा आकडा आधी बघू नकोस गं," सर बजावायचे. "खिडकी नकळत तिकडे सरकते." माझ्या कणाचा आकडा त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, पाठ करायला लावला होता आणि मला सांगायची सक्त मनाई. तो इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसत होता, ही गोष्ट वेगळी.

वजनाचंही तेच. एका बाजूला पोटात गेलेले पोहे, मिसळ, आंबे. दुसऱ्या बाजूला पट्ट्याचं भोक आणि जिन्यावरची धाप.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. सरांना जेवण जात नव्हतं, पट्ट्याला ते कात्रीने नवी भोकं पाडत होते आणि डॉक्टरांचं नाव काढू देत नव्हते. मी गेले तर सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. वजन बहात्तर किलो, नेहमीचंच. पट्टा म्हणे जुना होऊन सैल पडलाय आणि धाप लागते ती लिफ्ट बंद म्हणून. माझं डोकंच फिरलं.

"सर, बहात्तर आधी ठरवलंत आणि खिडकी तिकडे सरकवलीत. माझा चॅप्टर असता तर फाडला असता तुम्ही."

 सरांनी उठून चपला घातल्या.

दवाखान्यात ते डोळे मिटून काट्यावर चढले. आकडा मी बघायचा, पण आधी उत्तर ते देणार.

"चोपन्न," सर म्हणाले.

काट्यावर चोपन्नच होतं. मी कसंबसं हो म्हटलं. सर इतके खूश झाले, की डॉक्टरांना तिथेच खिडकी समजावायला लागले. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. खरा आकडा सरांना केव्हाचाच ठाऊक होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला तर रडू आवरेना.

दिवाळीच्या आत सर गेले.