नुसत्या पांढऱ्या गोट्या

ओहायोच्या त्या कॉलेजात पोरं आपापल्या बंधुमंडळाच्या, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या, घरात राहायची, जेवायची. नवा मुलगा घेताना प्रत्येकाने पेटीत गोटी टाकायची, होकाराला पांढरी, नकाराला काळी. एक जरी काळी निघाली, की पोरगा बाद. मिल्टन फिशबाइन ज्यू. त्याच्या वाट्याला सगळीकडे काळीच आली.

तेव्हा त्याने पेटून स्वतःचंच मंडळ काढलं. पेटी ठेवली, पण काळ्या गोट्या नदीत भिरकावल्या. "आपलं दार कुणालाच बंद नाही!"

"कुणालाच?" त्याचा जिवलग ल्यूशस हसला. कॉलेजातला तो एकमेव काळा मुलगा. "बघ हं बाबा!"

पुढच्याच वर्षी ड्वेन प्रूइट आला. इथलं जेवण झकास असतं, असं त्याने ऐकलं होतं. सगळ्यांसमोर बिनदिक्कत म्हणाला, "मला बाकी सगळे चालतील. या ल्यूशसच्या टेबलाला मात्र मी बसणार नाही."

मिल्टनचं डोकं सणकलं. 'चालता हो' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले. नियम त्याचाच होता. पेटी फिरली. हातात पांढरी सोडून दुसरी गोटी होतीच कुठे? ल्यूशसनेही आपली टाकली.

जेवणाची घंटा झाली. ल्यूशसने आपली ताटली उचलली. "मी स्वयंपाकघरात जेवतो रे. तुझा नियम मोडायला नको."

मिल्टन अध्यक्षाच्या खुर्चीत बसून राहिला. शेजारून ड्वेनने लोणी मागितलं. मिल्टनने ते पुढे सरकवलं.